एका दिवसात सात ठिकाणे: छत्रपती संभाजीनगरच्या मोटार सहलीचा हिशेब

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, सौ., माझी थोरली बहीण आणि अकरा वर्षांचा नातू, लातूरहून बीडमार्गे छत्रपती संभाजीनगरला गेलो आणि तेथील एका प्रवासी कंपनीकडून ‘शहर व परिसर दर्शन’ ही एक दिवसाची मोटार सहल घेतली. चालकासह मोटार, दोन ठिकाणी मराठी बोलणारा मार्गदर्शक, पाण्याच्या बाटल्या आणि सात स्थळे असा करार होता व त्यासाठी ४,८०० रुपये मोजले; प्रवेशशुल्क, वाहनतळाचे पैसे आणि जेवण आमचे आम्ही. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्याच दिवशी वाहनतळावर भेटलेल्या आणखी दोन कुटुंबांच्या हातात दुसऱ्या कंपन्यांचे जे कागद होते, त्यांवरही जवळजवळ हीच यादी याच क्रमाने छापलेली होती, आणि माझी तक्रार आहे ती या यादीतील वेळेच्या वाटणीविषयी.

यादी अशी: दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, वेरूळची लेणी, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा, औरंगाबाद लेणी आणि पनचक्की, सकाळी आठला निघायचे आणि सायंकाळी सहाला परत सोडणार. शहरापासून दौलताबाद साधारण १५ किलोमीटर आणि वेरूळ ३० किलोमीटर, म्हणजे जाण्यायेण्यात, चढण्या-उतरण्यात आणि तिकिटाच्या रांगेत दोन-अडीच तास सहज जातात. उरलेल्या साडेसात तासांत जेवण बसवून सात स्थळे पाहायची, तर प्रत्येकाच्या वाट्याला तासभरही येत नाही, हे गणित नोंदणी करतानाच माझ्या लक्षात यायला हवे होते. तीस-बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान आणि गणित शिकवलेल्या माणसाने ते केले नाही, याबद्दल सौ. दिवसभर मला अधूनमधून आठवण करून देत होत्या.

मोटार मात्र स्वच्छ होती, वेळेवर आली आणि चालक हा या संपूर्ण व्यवहारातला सर्वांत चांगला भाग होता. तो शहरातलाच, तिशीतला, मराठी आणि दखनी एकाच वाक्यात मिसळून बोलणारा. निघताना त्याने सरळ सांगितले, “काका, कागदावर सात लिहिलंय, पण बुजुर्ग माणसं बरोबर आहेत, पाच नीट बघा, घाई करू नका.” कंपनीने हेच वाक्य पैसे घेण्याआधी सांगितले असते तर मी हे परीक्षण वेगळ्या सुरात लिहिले असते.

दौलताबादला कागदाप्रमाणे ७५ मिनिटे होती. आम्ही अडीच तास घेतले. हा किल्ला दरवाजातून आत जाऊन छायाचित्र काढून परतण्यासारखा नाही. यादव राजा पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरी ही राजधानी केली, १२९६ साली अलाउद्दीन खिलजीने रामदेवरायाच्या काळात तिच्यावर स्वारी केली आणि १३२७मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने तिला दौलताबाद नाव देऊन दिल्लीची राजधानी येथे आणली, एवढे शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकातून जे कळत नाही ते खंदकाच्या काठावर उभे राहिल्यावर कळते. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून उभी भिंत केलेली आहे, तिच्या पायथ्याशी कातळात खणलेला खोल खंदक आहे आणि तो ओलांडण्यासाठी अरुंद पूल आहे. तासलेल्या कड्यावर छिन्नीच्या खुणा अजून दिसतात. नातवाने हात लावून पाहिले आणि तो इतकेच म्हणाला, “हे सगळं हातानं?”

मार्गदर्शक येथे चांगला मिळाला. अंधारीत, म्हणजे कातळातून वर जाणाऱ्या काळोख्या भुयारात, शिरल्यावर त्याने आम्हाला थांबवले आणि हातातली बॅटरी विझवली. वटवाघळांचा वास, पायाखालच्या पायरीची असमान कड आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज एवढेच उरते. शत्रूच्या सैनिकाला या वाटेने वर चढताना काय वाटत असेल, हे व्याख्यानापेक्षा त्या अर्ध्या मिनिटाने जास्त सांगितले. भुयाराच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण तापवून आत धूर सोडत असत, असे त्याने सांगितले. चिनी महालात, जेथे निळ्या झिलईच्या फरशांचे थोडे तुकडे अजून भिंतीला चिकटून आहेत, गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह याला १६८७मध्ये राज्य गेल्यावर औरंगजेबाने अखेरपर्यंत कैदेत ठेवले होते. पंधराव्या शतकातला बहमनी चांदमिनार, मेंढा तोफ आणि माथ्यावरची बारादरी हे सगळेच पाहण्यासारखे आहे. मात्र गुडघे दुखणाऱ्यांनी बारादरीचा हट्ट धरू नये. मी आणि नातू वर गेलो, दोघी खाली हत्ती हौदापाशी थांबल्या.

आम्ही उतरून आलो तेव्हा अक्का हौदाच्या काठावर बसून होती. “एवढा मोठा हौद! गावच्या गाव प्यालं असंल ह्याच्यावर. भरत कशानं असतील?” तिने मार्गदर्शकाला विचारले. तो म्हणाला, खापरी नळांनी पाणी आणत, आणि पुढे चालू लागला. तुघलकाने राजधानी पुन्हा दिल्लीला नेली त्यामागे येथील पाण्याची टंचाई हेही एक कारण सांगितले जाते, हा धागा त्याच्या हाताशी होता. पण त्याला चांदमिनाराची उंची सांगायची घाई होती. आम्ही लातूरची माणसे. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी आम्ही प्यालेलो आहोत, आणि हा नातू तेव्हा जेमतेम चालायला लागला होता. त्यामुळे कुठेही गेलो तरी पाणी कुठून येते हा प्रश्न आमच्या घरात आधी येतो, आणि या सहलीत त्याचे उत्तर सर्वांत शेवटी, सर्वांत कमी वेळ दिलेल्या ठिकाणी होते.

किल्ल्याबाहेर सीताफळे घेतली. पाटीतली वरची पिकलेली आणि खालची कच्ची असतात, तेव्हा निवडून घ्यावीत.

खुलताबादला सहल फक्त औरंगजेबाची कबर दाखवते. १७०७ साली अहमदनगरजवळ त्याचा मृत्यू झाला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे सूफी संत झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात उघड्या आकाशाखाली साधी मातीची कबर केली गेली. भोवतीची संगमरवरी जाळी नंतर हैदराबादच्या निजामाच्या काळात बसवलेली आहे. मी चालकाला विचारले की मलिक अंबरची कबर कुठे आहे. यादीत ती नव्हती, मार्गदर्शकही बरोबर नव्हता, तरी त्याने जास्तीचे पैसे न मागता गावाच्या कडेला मोटार नेली. आमच्याशिवाय तेथे एक शेळी आणि तिच्यामागे आलेला मुलगा होता.

ज्या माणसाने हे शहर वसवले त्याची कबर शहर दर्शनाच्या यादीत नसावी, याचे मला फार वैषम्य वाटले. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात विकला जात दख्खनला पोहोचलेला आणि अखेर अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झालेला हा माणूस. १६१० साली त्याने खडकी या गावाजागी राजधानी वसवली. मुलगा फत्तेखान याच्या काळात ती फतेहनगर झाली, १६५३मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर आलेल्या औरंगजेबाने तिला आपले नाव दिले आणि २०२३पासून ती छत्रपती संभाजीनगर आहे. मालोजीराजे आणि शहाजीराजे याच निजामशाहीचे सरदार होते, आणि येथून चार-पाच किलोमीटरवरच्या वेरूळची पाटीलकी भोसल्यांकडे होती. घोड्यावरून मोगलांना जेरीस आणणारा सेनापती म्हणून मलिक अंबर सर्वांना माहीत असतो. पण नव्या शहराला पाणी मिळावे म्हणून डोंगरातले भूगर्भातले पाणी जमिनीखालच्या नहरीने आणणारा माणूसही तोच. ती नहर-ए-अंबरी. तिच्या धर्तीवर पुढे आणखी नहरी झाल्या, आणि पनचक्कीची नहर त्यांपैकीच एक.

जेवण रस्त्यावरच्या ढाब्यावर झाले. पिठले, ज्वारीची भाकरी, ठेचा, दर वाजवी. पोळीपेक्षा भाकरी मागवावी.

वेरूळविषयी येथे फार लिहीत नाही. ३४ लेणी आहेत, पहिली १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि शेवटची पाच जैन, आणि राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले १६ क्रमांकाचे कैलास लेणे डोंगर वरून खाली कोरत आणून केलेले आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. आम्हाला दीड तास मिळाला. त्यात कैलास, सुतार झोपडी म्हणून ओळखले जाणारे दहावे लेणे आणि धावत पळत तीन ताल एवढेच झाले. जैन लेणी बरीच दूर असल्याने ती राहिली. वेरूळ मंगळवारी बंद असते, आणि पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. माझे स्पष्ट मत असे की वेरूळ कोणत्याही शहर दर्शनाच्या यादीत घालूच नये. त्याला स्वतंत्र दिवस द्यावा किंवा मग जाऊ नये. घृष्णेश्वराला अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या लाल दगडी मंदिरात वीस मिनिटांत दर्शन झाले. गाभाऱ्यात जाताना पुरुषांना कमरेवरचे कपडे काढून जावे लागते, हे कागदावर लिहिलेले असते तर माझी बंडी-सदऱ्याची धांदल वाचली असती.

आता तक्रारीचा मुख्य मुद्दा. परतीच्या वाटेवर मोटार यादीत नसलेल्या आठव्या ठिकाणी थांबली: एक मोठे वस्त्रदालन. चालक खाली मान घालून म्हणाला, “काका, इथं अर्धा घंटा थांबावंच लागतंय, कंपनीचं सांगणं आहे.” दर्शनी भागात एक हातमाग मांडलेला होता, त्यावर अर्धवट विणलेला हिमरूचा पट्टा ताणलेला होता, आणि त्या पट्ट्यावर एवढी धूळ बसलेली होती की अक्काने बोटाने त्यावर रेघ ओढून मला दाखवली. हिमरू हे या शहराचे खरे वैभव आहे. सूत आणि रेशीम एकत्र विणून किनखापाचा भास देणारे हे कापड आजही थोडे विणकर मागावर करतात. त्यांच्याकडे नेले असते तर मी आनंदाने एक शाल घेतली असती. येथे मात्र गठ्ठ्याने मांडलेल्या, यंत्रावर विणलेल्या शाली हातमागाच्या म्हणून पुढे केल्या जात होत्या. आमची ४५ मिनिटे गेली. घृष्णेश्वराला आणि पनचक्कीला मिळून जेवढा वेळ कागदावर होता त्याहून ती अधिक होती.

मकबऱ्यात आम्ही पावणेपाचला पोहोचलो आणि उतरत्या उन्हामुळे तो उशीर पथ्यावर पडला. दुसरा मार्गदर्शक येथे होता. त्याने पहिल्याच वाक्यात ‘दख्खनचा ताज’ आणि दुसऱ्यात ‘गरिबांचा ताज’ म्हटले, आणि पुढची पंधरा मिनिटे आग्र्याशी तुलना चालू राहिली. मला ही तुलनाच अन्यायाची वाटते. १६५७ साली वारलेली औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिच्या स्मरणार्थ १६६०च्या सुमारास ही वास्तू झाली. मुख्य दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय ही दोन नावे कोरलेली आहेत. अताउल्ला हा ताजमहालाचा स्थपती उस्ताद अहमद लाहोरी याचा मुलगा. खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे झाला अशी नोंद सांगतात. ताजमहालावर त्याच्या अनेक पटींनी पैसा लागला होता, तेव्हा दोन्ही एका तागडीत घालायची आणि मग एक हलके भरले म्हणून नाक मुरडायचे, याला अर्थ नाही.

त्याऐवजी मार्गदर्शकाने भिंतीवर हात ठेवायला सांगायला हवे होते. आम्ही ते आपल्या आपण केले. कमरेच्या जरा वर एक रेघ आहे. तिच्याखाली संगमरवर आहे, तळव्याला थंड आणि गुळगुळीत, आणि तिच्यावर घुमटापर्यंत बहुतेक बांधकाम काळ्या दगडाचे, त्यावर शुभ्र गिलाव्याचा हात फिरवलेला. त्या गिलाव्यातली फुले आणि वेली इतक्या बारीक आहेत की दूरून दगड कोणता आणि गिलावा कोणता हे कळत नाही. आत गेल्यावर कबर आपल्या पातळीवर नसून खाली आहे. अष्टकोनी जाळीच्या मध्ये, वरच्या सज्जातून वाकून पाहावे लागते. कबरीवर चादर होती आणि भोवती लोकांनी वरून टाकलेल्या नोटा-नाणी. पश्चिमेकडची मशीद निजामाच्या काळात जोडलेली आहे. ती मनातल्या मनात काढून टाकली की मूळ आराखड्याची सममिती डोळ्यांत भरते. चारबागेतल्या पाण्याच्या लांब हौदात घुमटाचे प्रतिबिंब पाहायचे असेल तर कारंज्यांची रांग संपते तेथे, दरवाजाच्या बाजूला उभे राहावे. गर्दी मात्र सगळी चबुतऱ्यावर असते.

औरंगाबाद लेणी येथून अगदी जवळ, मागच्या डोंगरात आहेत, पण वेळ संपली होती आणि ती आमच्या यादीतून गेली. हे नुकसान मला माहीत आहे, कारण बी.एड.ला या शहरात असताना मी तेथे रविवारी चालत जात असे. बहुतेक सहाव्या-सातव्या शतकांतली ही बौद्ध लेणी पर्यटक सहसा टाळतात. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेल्या स्त्री-पुरुषांची शिल्पे आहेत, त्यांचे केशभूषण आणि हार अगदी ओळखीच्या माणसांसारखे वाटतात. सातव्या लेण्यात संकटांतून वाचवणारा अवलोकितेश्वर आहे आणि आतल्या भागात वादक स्त्रियांच्या मध्ये नाचणारी एक स्त्री. यादीत नाव छापून पैसे घेतलेले हे ठिकाण दाखवले नाही, म्हणून मी कंपनीला फोन केला तेव्हा “वेळ तुम्हीच किल्ल्यावर घालवलात” असे उत्तर मिळाले. वस्त्रदालनातल्या ४५ मिनिटांचा विषय काढल्यावर फोन दुसऱ्याकडे दिला गेला, आणि तो दुसरा कुणी बोललाच नाही.

पनचक्कीला आम्ही साडेपाचनंतर पोहोचलो. कागदावर १५ मिनिटे. मार्गदर्शक नव्हता, म्हणून नातवाला समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले आणि खरे सांगायचे तर दिवसभरात मला सर्वांत जास्त मजा येथे आली. बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याच्या आवारात, खाम नदीच्या काठी, एका उंच भिंतीवरून पाण्याचा पडदा हौदात पडत असतो. नातवाने पहिला प्रश्न विचारला, “आजोबा, पंप कुठाय?”

पंप नाही. उत्तरेकडच्या डोंगरात झरा आहे, तो येथल्यापेक्षा उंचावर आहे. तेथून काही किलोमीटर मातीच्या नळांतून, जमिनीखालून पाणी येते, आणि नळी कितीही वळणावळणाने नेली तरी दुसऱ्या टोकाला पाणी मूळ उंचीच्या जवळपास चढते. म्हणून ते भिंतीतल्या स्तंभातून आपोआप वर जाते आणि वरून खाली पडते. पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून मी वर्गात हा प्रयोग दाखवत असे. येथे तोच प्रयोग अठराव्या शतकापासून चालू आहे. पडणाऱ्या पाण्याच्या जोराने खालचे पात्यांचे चाक फिरते आणि त्याच्याबरोबर जात्याचा वरचा दगड. यात्रेकरूंसाठी आणि फकिरांसाठी येथे धान्य दळले जाई. अक्का त्या जात्यापाशी बराच वेळ उभी होती. आमची आई पहाटे चारला जात्यावर बसायची आणि खुंट्याच्या दुसऱ्या बाजूला अक्का असायची. तिने तळहात उघडून नातवाला दाखवला, जणू घट्टे अजून तेथे असावेत.

हौदाच्या खाली मोठे दालन आहे, म्हणजे त्या दालनाचे छत हाच हौदाचा तळ. डोक्यावर पाणी असल्यामुळे उन्हाळ्यात तेथे थंडावा राहतो. हे दालन सहलीतली बहुतेक माणसे पाहतच नाहीत, कारण ते वरून दिसत नाही आणि १५ मिनिटांत कुणी विचारत नाही. आज हे शहर जायकवाडीच्या पाण्यावर आहे आणि अनेक वस्त्यांत नळ काही दिवसांआड येतो, हे चालकानेच सांगितले. त्याच्या घरी टाकी भरण्याचा दिवस ठरलेला असतो आणि त्या दिवशी तो सहल घेत नाही.

आता पैशांचा निवाडा. मोटार आणि चालक यांच्यासाठी मोजलेले पैसे वसूल झाले, दौलताबादचा मार्गदर्शक उत्तम, मकबऱ्याचा सुमार, आणि सहल म्हणून हा व्यवहार फसवा. ज्यांना एकच दिवस आहे त्यांनी वेरूळ सोडून द्यावे आणि दौलताबाद, मलिक अंबरची कबर, औरंगाबाद लेणी, मकबरा व पनचक्की एवढेच ठरवावे. वाटेत १६१२चा भडकल दरवाजा आणि पनचक्कीशेजारचा महमूद दरवाजा येतात, तेथे दोन मिनिटे उतरावे. कोणत्याही कंपनीशी बोलताना दुकानात थांबणार नाही असे आधी लेखी घ्यावे आणि दोन मार्गदर्शकांपैकी एक पनचक्कीला मागावा. वृद्धांना किल्ल्यावर हत्ती हौदाच्या पुढे नेऊ नये.

सहाची वेळ उलटून गेली होती तरी चालक आम्ही निघेपर्यंत थांबला. मुक्कामाच्या दाराशी सोडताना त्याने स्वतःचा नंबर दिला आणि म्हणाला, “पुढच्या बारीला कंपनी नको, सकाळी लेण्या करू, दुपारून मकबरा, आणि पनचक्कीला अम्मांना दोन घंटे.” अक्काने नंबर स्वतःच्या वहीत लिहून घेतला. फेब्रुवारीत तिची सून माहेराहून येते आहे, तेव्हाचे ठरले आहे.